बातमी सगळ्यांची, प्रश्न आपला

हल्ली आपल्या वऱ्हाडात एक नवा उद्योग रुजला आहे. दर्यापूर घ्या, अकोट घ्या, मूर्तिजापूर घ्या. मोबाइलपुढे उभे राहून आपल्या बोलीत बोलणारा आणि ते बोलणे यूट्यूबवर टाकणारा एखादा तरी मुलगा किंवा मुलगी तेथे सापडतेच. कोणी हसवतो, कोणी बोंडअळीवर बोलतो, कोणी तुरीचे भाव सांगतो, तर कोणी सासू-सुनेचे संवाद करून दाखवते. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत पाय न ठेवता वऱ्हाडी बोली दूरदूरच्या घरांत जाऊन बसते, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

यांतले बरेच जण चालू बातमीवर व्हिडिओ करतात. कारण उघड आहे. ज्या गोष्टीची चर्चा चालू असते तिच्याविषयी लोकांना ऐकायचे असते. परंतु येथेच त्यांची अडचण होते. ती त्यांच्याच शब्दांत सांगायची तर, "सर, बातमी तं साऱ्याईनं सांगून टाकली, आता आमी काय सांगाव?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा थोडा विचार आज आपण मिळून करू या. व्हिडिओ करणाऱ्यांच्या तो उपयोगी पडेलच. पण व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या आणि शाळेत मुलांना वर्तमानपत्र वाचायला शिकवणाऱ्या गुरुजींच्या व बाईंच्याही उपयोगी पडावा.

प्रथम बातमी 'चालते' म्हणजे काय होते ते पाहू. यूट्यूबवर 'ट्रेंडिंग' नावाचे एक पान असे. देशात आज काय गाजते आहे ते त्या पानावर सगळ्यांना एकसारखे दिसे. २०१५ साली सुरू झालेले हे पान कंपनीने जुलै २०२५ मध्ये बंद केले. सगळ्यांची मिळून एकच चर्चा आता राहिली नाही, निरनिराळ्या मंडळींच्या निरनिराळ्या लहान लहान चर्चा चालतात, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे पूर्वी गावात एकच पार होता, आता आळीआळीला पार झाले. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने हे बरेच झाले म्हणायचे, कारण आपल्या पाराला आता दिल्लीच्या पाराशी झुंजायचे कारण नाही.

लोक काय शोधत आहेत हे पाहायचे एक साधन मात्र आजही सर्वांना फुकट उपलब्ध आहे. गूगल ट्रेंड्स असे त्याचे नाव. एखादा शब्द लोकांनी केव्हा जास्त शोधला, कोणत्या राज्यात जास्त शोधला, याचा आलेख ते काढून दाखवते. त्यातला शंभराचा आकडा पाहून पुष्कळांचा गैरसमज होतो. शंभर म्हणजे शंभर माणसे नव्हेत. त्या मुदतीत तो शब्द ज्या वेळी सर्वांत अधिक शोधला गेला, त्या वेळेला शंभर मानायचे आणि बाकीचे त्या मानाने मोजायचे, अशी ती पद्धत आहे. आपल्या कामाचा भाग आलेखाच्या खाली असतो. तो शब्द शोधणाऱ्यांनी आणखी काय काय शोधले, त्याची यादी तेथे दिलेली असते. ती यादी म्हणजे लोकांच्या मनातले प्रश्न. पुष्कळदा असे दिसते की बातमी सांगून झाली, सतरा वाहिन्यांनी दाखवून झाली, तरी यादीतले निम्मे प्रश्न अनुत्तरितच आहेत. नवे काय सांगायचे, याचे पहिले उत्तर तेथे आहे.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करून टाकू. पहिल्या दिवशीची शर्यत आपली नाही. मोठ्या वाहिन्यांजवळ गाड्या आहेत, माणसे आहेत, चोवीस तास चालणारे स्टुडिओ आहेत. बातमी येताच तासाभरात ती त्यांच्याकडून सांगून होते. तीच बातमी आपण संध्याकाळी, त्यांचीच चित्रे उचलून, आपल्या आवाजात पुन्हा सांगितली तर ते उष्टे वाढण्यासारखे होते. यूट्यूबचा नियमही असा आहे की दुसऱ्याचे चित्रण फारशी भर न घालता तसेच वापरणाऱ्या वाहिनीला जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळत नाही. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२ वे कलम चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी आणि समीक्षेसाठी दुसऱ्याच्या साहित्याचा वाजवी वापर करू देते, हे खरे. पण वाजवी म्हणजे अख्खे ताट उचलणे नव्हे.

मग आपल्याजवळ काय आहे? आपल्याजवळ जागा आहे. घटना जेथे घडली तेथे, किंवा तिचा परिणाम जेथे होतो तेथे, आपण राहतो. हे भांडवल कसे वापरायचे ते आपल्याच भागातल्या तीन बातम्या घेऊन पाहू.

पहिली बातमी रस्त्याची. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव एकाएकी देशभर झाले. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या पट्ट्यात ३ ते ७ जून या दिवसांत सलग डांबरीकरण करण्यात आले. ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पुरी झाली आणि गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. याआधीचा विक्रम कतारमधील दोहाचा होता, तो पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. सर्व वाहिन्यांनी हे सांगितले, सर्वांनी एकच प्रमाणपत्र दाखवले. झाले, बातमी संपली!

पण खरोखर संपली काय? एखाद्या शिक्षकाने खडू हातात घेऊन नुसते गणित केले असते तरी नवा व्हिडिओ झाला असता. ७५ किलोमीटर ही एका मार्गिकेची लांबी आहे. दोन मार्गिकांच्या रस्त्याच्या हिशेबाने ती साडेसदतीस किलोमीटर होते. लोणी आणि माना यांमधले अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ७५ चा आकडा ऐकून जो बुचकळा पडतो तो येथे सुटतो. पुढे, ७५ किलोमीटरला १०५ तास ३३ मिनिटांनी भागले तर ताशी सुमारे ७१० मीटर येतात, म्हणजे मिनिटाला बारा मीटरच्या आतबाहेर. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो असे धरले, तर डांबर त्याच्या सातपट हळू पुढे सरकत होते. मात्र ते रात्रंदिवस, न थांबता. विक्रम वेगाचा म्हणून गाजला, पण त्याचे मर्म न थांबण्यात आहे. डांबर, खडी, यंत्रे आणि शेकडो माणसांच्या पाळ्या यांपैकी काहीही क्षणभर कमी पडू द्यायचे नाही, ही त्यातली खरी कामगिरी. हे एकदा समजले की त्या कामगारांविषयी आदरही वाढतो आणि आकड्याला भुलण्याची सवयही कमी होते.

दुसरा प्रश्न वेळेचा. विक्रमाआधी कित्येक वर्षे हाच रस्ता खड्ड्यांसाठी आणि रखडलेल्या कामासाठी प्रसिद्ध होता. पाच दिवसांत जे झाले ते आधी इतकी वर्षे का झाले नाही, हे विचारणे म्हणजे विक्रमाचा अपमान नव्हे. आणि तिसरा प्रश्न कुरूम किंवा मान्याच्या बाजूचा एखादा शेतकरी विचारील: "सडक तं झाली बावा, पन आमच्या पांदनीतून बंडी कवा निंगन?" महामार्गावरून गाड्या शंभराच्या वेगाने जातात आणि पावसाळ्यात वावरातला माल पांदणीच्या चिखलात अडकतो. या प्रश्नावर उभा राहून जो व्हिडिओ होईल तो दिल्लीची कोणतीही वाहिनी करू शकणार नाही.

दुसरी बातमी लोणारची. जिल्हा बुलढाणा, पण मुलूख आपलाच. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात लोणार सरोवराचे पाणी अचानक गुलाबी दिसू लागले. उपग्रहातून घेतलेली छायाचित्रे जगभर फिरली. आपल्याकडे तऱ्हेतऱ्हेची कारणे मोबाइलवरून घरोघर पोचली; कोणी शाप म्हटले, कोणी चमत्कार म्हटले. गुलाबी पाणी सगळ्यांनी दाखवले. थांबून 'कशामुळे?' असे विचारणारे थोडे निघाले.

वनखात्याने पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले ते असे: अतिशय खाऱ्या पाण्यात राहणारे काही सूक्ष्मजीव असतात, ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. त्या वर्षी उन्हाने पाणी आटले, खारेपणा वाढला, आणि हे जीव भरभराटीला आले. पुढे हे जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ होते, हेही तपासणीत दिसले. लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. परंतु तोवर गर्दी पुढच्या बातमीकडे गेली होती. बातमीचे उत्तर बहुधा बातमीच्या मागाहून येते. जो थांबतो त्याला ते मिळते. म्हणून माझी एक सूचना आहे. गाजलेल्या बातम्यांची एक वही ठेवा आणि महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने तिच्यातली पाने उलटून 'पुढे काय झाले?' एवढेच विचारा. हा कोन कधी जुना होत नाही.

लोणारच्या बातमीतून आणखी एक धडा घेता येतो. समजा, अकोल्याकडच्या एखाद्या तरुणाला सुचले की लोणारचे पाणी खारे आणि आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणीही खारे, तेव्हा या दोहोंना जोडून व्हिडिओ करावा. कल्पना नामी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे आणि शेकडो गावांच्या पिण्याच्या पाण्याचा व ओलिताचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. पण दोन्हींचे कारण एक नाही. लोणारला उल्केच्या आघाताने झालेल्या खळग्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. पाणी आटते आणि क्षार मागे राहतात. आपल्याकडे पूर्णेच्या जुन्या गाळाच्या थरांत खारे भूजल साठलेले आहे. तेव्हा 'लोणारचे पाणी आपल्या विहिरीत आले' असे ठोकून दिले तर तो नवा कोन नव्हे, नवी थाप होईल. 'दोन्हीकडे पाणी खारे, मग एकाला जग पाहायला येते आणि दुसरे पिणाऱ्याची दखल कोण घेतो?' असे विचारले तर मात्र तो खरा प्रश्न झाला. नवेपणा हवा, पण सत्याला धरून हवा.

तिसरी बातमी कपाशीची. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या आंदोलनात तणनाशकाला दाद न देणारे एचटीबीटी कपाशीचे बियाणे उघडपणे पेरण्यात आले. या वाणाला सरकारची मान्यता नव्हती. बीटी कपाशीला २००२ साली मान्यता मिळाली होती, तशी याला मिळालेली नव्हती. मग वाहिन्यांवर दोन तट पडले. एक म्हणे कायदा मोडला, दुसरा म्हणे तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे. दोन्ही बाजू जोरजोराने मांडल्या गेल्या.

आता हीच बातमी वावराच्या धुऱ्यावर उभे राहून पाहा. शेतकऱ्याला हे बियाणे हवेसे का वाटते? निंदणाचा खर्च वाढला आणि ऐन वेळी माणसे मिळत नाहीत म्हणून. मग एका एकराला निंदणाच्या किती पाळ्या होतात, एका पाळीला किती बाया लागतात, रोजी काय पडते, हा हिशेब आपल्या गावात चार शेतकऱ्यांना विचारून मांडता येतो. आणि तो मांडताना दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: निंदण बाया करतात. तणनाशकाने निंदण संपले तर त्या बायांची पावसाळ्यातली रोजी कोठे जाईल? दोन तटांच्या त्या भांडणात या बाईला कोणी बोलावले होते काय? तिला बोलते करा. तिचे म्हणणे शेतकऱ्याच्या विरुद्ध जाईल, कदाचित जाणारही नाही; कारण तिच्या स्वतःच्या दोन एकरांत तीही निंदणाने मेटाकुटीला आलेली असेल. काय निघेल ते आपण आधी ठरवायचे नाही, जाऊन ऐकायचे.

या तीन उदाहरणांतून प्रश्नांची एक लहानशी यादी निघते. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे. आकडा खरोखर काय सांगतो? हे घडले कशामुळे? याच्या आधी काय होते आणि पुढे काय झाले? याचा परिणाम ज्याच्यावर होतो पण ज्याला कोणी विचारले नाही, तो कोण? आणि आपल्या गावात याचे रूप कोणते? पाचही प्रश्न प्रत्येक बातमीला लागू पडतील असे नाही. एक जरी नीट लागला तरी पाच मिनिटांचा सकस व्हिडिओ होतो. तो करताना सुरुवातीचे अर्धे मिनिट नमस्कार-चमत्कारात घालवू नका. प्रश्नच पहिल्या वाक्यात ठेवा. दोन भिन्न मतांच्या माणसांना भेटा. आणि दिवस, महिना, साल व गावाचे नाव तोंडाने उच्चारा. व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरत राहतात. तारीख नसलेला जुन्या पुराचा व्हिडिओ नव्या पावसात पुन्हा निघतो आणि लोकांची त्रेधा उडवतो.

येथे एका दुःखद गोष्टीची आठवण करून देणे मला भाग आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा देशभर पसरली होती. त्या वर्षी फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली होती. तिच्या शेवटी पळवलेले मूल परत सोडले जाते आणि पालकांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. कोणीतरी तो शेवट कापला, आणि उपदेशाची चित्रफीत अफवा होऊन बसली. त्याच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षुकीसाठी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. पाच माणसे, पाच संसार! पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घालायचे ठरवले.

म्हणून म्हणतो, 'नवे काय सांगू?' या प्रश्नाच्या आधी 'हे खरे काय?' हा प्रश्न हवा. जे सगळे सांगत आहेत ते खोटे आहे, हे पुराव्यानिशी दाखवणे हाही एक नवा कोन आहे, आणि गावाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. परक्या माणसाविषयी भीती पसरवणारा एखादा निरोप आला, तर त्या दिवशी सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि ठाण्यात विचारून, 'आमच्या गावात असे काही घडलेले नाही' एवढेच सांगणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ करावा. तो पाहणारे थोडे असतील, पण तो एखाद्याचा जीव वाचवील. बाहेरच्या वाहिनीला हे सांगता येणार नाही. हे आपल्या गावच्या, आपल्या ओळखीच्या तोंडूनच पटते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आठवड्यातून एक तास असा ठेवावा की एखादी गाजलेली बातमी फळ्यावर लिहायची आणि प्रत्येक मुलाने तिला एक प्रश्न विचारायचा. उत्तर देण्याची घाई करू नये. मुलांनी तो प्रश्न घरी न्यावा, आजीला, आशाताईंना, ग्रामपंचायतीत, बसस्टँडवर विचारावा आणि मिळाले ते लिहून आणावे. रस्त्याच्या बातमीतून भागाकार शिकवता येतो, लोणारच्या बातमीतून क्षार आणि सूक्ष्मजीव शिकवता येतात, कपाशीच्या बातमीतून हिशेब आणि नागरिकशास्त्र दोन्ही शिकवता येतात. यांतली दोन मुले उद्या मोबाइलपुढे उभी राहतील. बाकीची निदान आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी थांबतील. दोन्हीही हवेच आहेत.

आणि ही रीत आपल्या मुलुखाला काही नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले गाडगेबाबा जन्मभर हेच करीत आले. त्यांच्या कीर्तनाचे विषय सर्वांच्या रोजच्या पाहण्यातले होते: सावकाराचे कर्ज, देवापुढे कापलेले बकरे, गावातली घाण, न शिकवलेली पोरे. बाबा त्यावर प्रवचन झोडीत नसत. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना साधासा प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठेवीत. ऐकणाऱ्याला वाटे, अरे, ही गोष्ट तर मी रोज पाहतो, मला हे कसे सुचले नाही? बाबांजवळ खराटा होता, आपल्याजवळ मोबाइल आहे. साधन बदलले, पण माणसाला विचारात पाडण्याची युक्ती बदललेली नाही.

तेव्हा आता पुढची मोठी बातमी येईल, आणि ती यायला काही वेळ लागत नाही, तेव्हा एक दिवस थांबा. सगळ्यांचे सांगून होऊ द्या. मग आपल्या पारावर जाऊन बसा आणि त्या बातमीविषयी लोक एकमेकांना काय विचारतात ते कान देऊन ऐका. त्यातला ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा एक प्रश्न उचला, आणि उत्तर शोधायला निघा. वाटेत बोलणारी माणसे भेटतीलच. आपल्या वऱ्हाडात त्यांचा तोटा कधीच नव्हता. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.